पाहुण्यांना ब्रिगहम यंग कसा दाखवावा

सॉल्ट लेक सिटीत तेरा वर्षं काढल्यावर मला एक बिनपगारी नोकरी चिकटली आहे. भारतातून कुणाचे आईवडील आले, सासू-सासरे आले, की ग्रुपवर मेसेज पडतो: "ताई, शनिवारी मोकळ्या आहात का? आईंना ते देऊळ दाखवायचंय." देऊळ म्हणजे मॉर्मन पंथाचं टेंपल. मी मोकळी असते, नसले तर होते. आजवर पंचवीस-तीस फेऱ्या झाल्या असतील. येत्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून हे लिहून ठेवतेय. आता तुमचे पाहुणे तुम्हीच फिरवा.

सगळ्यात आधी हे की टेंपलपासून सुरुवात करू नका. पहिल्या खेपेला मी तीच चूक केली. सासू-सासरे आले होते, मी हौसेनं गाडी थेट टेंपल स्क्वेअरला नेली आणि सहा मनोऱ्यांसमोर त्यांना उभं करून सांगितलं की आत आपल्याला जाता येत नाही, फक्त त्यांच्या पंथाच्या लोकांना, तेही त्यांच्या धर्मगुरूंनी परवाना दिला असेल तर. सासरे म्हणाले, "मग आणलंस कशाला?" उत्तर नव्हतं, म्हणून मी हे शहर वसवणाऱ्या त्यांच्या धर्मप्रमुखाचा, ब्रिगहम यंगचा, विषय काढला, आणि विषय निघाल्या निघाल्या बायकांवर गेला. पन्नासहून जास्त लग्नं, सत्तावन्न मुलं. उरलेले दोन तास त्यातच गेले. "धुणं कोण धूत होतं? रेशन कोण भरत होतं?" घरी परतलो तेव्हा सासऱ्यांच्या डोक्यात एवढंच उरलं होतं की एक रंगेल म्हातारा होता आणि त्याच्या नावाचं गाव आपल्याला दाखवलं.

गाव त्याच्या नावाचं नाही, हेही त्या गडबडीत सांगायचं राहिलं.

तेव्हापासून मी क्रम बदलला. हा माणूस मुळात सुतार होता. सुतारकाम, रंगकाम, खिडक्यांना काचा बसवणं ही त्याची पोटापाण्याची विद्या. पुढे तो धर्मप्रमुख झाला, युटा प्रांताचा गव्हर्नर झाला, पण त्याची श्रद्धा शेवटपर्यंत सुताराची राहिली: मोजायची, कापायची, जोडायची, आणि जोडलेलं हलतंय का ते हलवून बघायची. पाहुण्यांच्या मनात हा सुतार आधी उभा करा. बायकांचा प्रश्न येणारच आहे, त्याची जागा पुढे आहे.

नाश्त्याच्या टेबलावर

निघायच्या आधी पोहे खाताना दहा मिनिटांत त्याची पूर्वपीठिका सांगून टाका. गाडीत सांगाल तर अर्धी मंडळी डोंगर बघत असतात.

जन्म १ जून १८०१, व्हर्माँटमधल्या व्हिटिंगहॅम गावी. अकरा भावंडांत नववा. चौदाव्या वर्षी आई क्षयानं गेली. शाळा किती, तर तो स्वतः सांगायचा, अकरा दिवस. (इथे आमच्या प्रत्येक पाहुण्याला आपल्या घरातला कुणीतरी चौथी नापास पण हिशेबाला पक्का असा आजोबा आठवतो. आठवू द्या.) पुढे न्यूयॉर्क राज्यात सुतारकी करत असताना १८३० साली जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणानं 'बुक ऑफ मॉर्मन' छापलं. ब्रिगहमच्या भावाकडून ते पुस्तक त्याच्या हाती आलं. आता गंमत बघा, त्यानं दीक्षा घेतली ती १८३२ च्या एप्रिलमध्ये. मधली दोन वर्षं तो पुस्तक तपासत होता, ते मानणाऱ्या माणसांना पारखत होता. ओल्या लाकडावर रंधा मारला तर फळी पुढे वाकते, हे सुताराला सांगावं लागत नाही. खात्री पटल्यावर मात्र स्वतःच्याच गिरणीच्या ओढ्यात बाप्तिस्मा घेतला, आणि अंगावरचे कपडे वाळायच्या आत त्याला उपदेशक नेमलं गेलं. त्याच वर्षी बायको मिरियम क्षयानं गेली, दोन लहान मुली मागे ठेवून.

पुढचं भराभर सांगा. लोक या पंथाला ओहायोत टिकू देईनात, मिसुरीत तर गव्हर्नरनं १८३८ मध्ये यांना हाकला नाहीतर संपवा असा हुकूमच काढला. इलिनॉयमध्ये नॉवू नावाचं गाव वसवलं, तिथे १८४४ च्या २७ जूनला जमावानं तुरुंगात घुसून जोसेफ स्मिथला गोळ्या घातल्या. आता गादीवर कोण? ८ ऑगस्टला सभा झाली, ब्रिगहम बोलायला उभा राहिला, आणि बहुतेक लोक त्याच्या मागे गेले. त्या दिवशी त्याच्या तोंडून जोसेफचाच आवाज ऐकला असं पुढे कित्येकांनी सांगितलं. मी पाहुण्यांना हे "असं ते सांगतात" म्हणूनच सांगते. त्याच पंथातल्या आमच्या शेजारच्या आजी सोबत असतील तर वाक्य जरा हळू म्हणते.

आजींवरून आठवलं. त्या लोकांना 'मॉर्मन' म्हटलेलं आता फारसं चालत नाही. २०१८ पासून त्यांच्या चर्चचा आग्रह आहे की पूर्ण नाव घ्या, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. ते दर वेळी तोंडात बसत नाही, म्हणून आम्ही सगळे 'मेंबर' म्हणतो. आणि त्यांना चहा विचारू नका. चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. सासऱ्यांनी चुन्याची डबी काढली की मी त्यांना सांगते, ब्रिगहमला स्वतःला तंबाखू सुटायला बरीच वर्षं लागली होती. मग सासरे त्या माणसाकडे जरा मायेनं बघतात.

पहिला मुक्काम: डोंगराचं तोंड

सकाळी साडेआठला निघा. हे शहर साधारण महाबळेश्वरइतक्या उंचीवर आहे, पण धुकं नाही, ओल नाही, आकाश कोरडं ठणठणीत. पाहुण्यांचे ओठ फुटतात, कुणाकुणाचा घुळणा फुटतो. माणशी दोन बाटल्या पाणी, टोपी आणि व्हॅसलीन घ्या. रविवार टाळा, बरंच काही बंद असतं. जुलैची चोवीस तारीख असेल तर घरीच बसा किंवा मिरवणूक बघा. त्या दिवशी पायोनियर डेची सरकारी सुट्टी असते आणि पार्किंग मिळत नाही. (मेंबर नसलेली मंडळी त्याच दिवशी 'पाय अँड बीअर डे' करतात. उच्चारातली गंमत पाहुण्यांना समजावत बसू नका, मी प्रयत्न करून पाहिलाय.)

गाडी शहराच्या पूर्वेला, इमिग्रेशन कॅन्यनच्या तोंडाशी न्या. तिथे 'धिस इज द प्लेस' नावाचं मोठं स्मारक आहे. १९४७ साली, आगमनाला शंभर वर्षं झाली तेव्हा उभारलेलं. शिल्पकार ब्रिगहमचाच नातू, महोनरी यंग.

स्मारकाकडे पाठ करून पाहुण्यांना खाली खोरं दाखवा आणि आता गोष्ट सांगा. १८४६ च्या फेब्रुवारीत नॉवू सोडून मिसिसिपी ओलांडायला सुरुवात झाली. आयोवाच्या चिखलात वसंत गेला, मिसुरी नदीकाठी तात्पुरत्या झोपड्यांत हिवाळा गेला आणि त्यात कितीतरी माणसं रोगानं गेली. १८४७ च्या एप्रिलमध्ये ब्रिगहम पहिली तुकडी घेऊन निघाला: १४३ पुरुष, ३ बायका, २ मुलं. सुमारे हजार मैल.

या प्रवासातली एक गोष्ट मी कधीच गाळत नाही. विल्यम क्लेटन नावाच्या कारकुनाला रोजचं अंतर लिहायचं काम होतं. आज किती चाललो यावर रोज वाद. मग त्यानं गाडीच्या चाकाचा घेर मोजला, चौदा फूट आठ इंच. म्हणजे ३६० फेरे झाले की बरोबर एक मैल. आऱ्याला लाल चिंधी बांधली आणि हा माणूस दिवसभर गाडीबरोबर चालत चिंधी किती वेळा वर आली ते मोजत राहिला. काही दिवस असे काढल्यावर वैतागून त्यानं दातेरी चाकांचं यंत्र करायला सांगितलं. ऑर्सन प्रॅटनं आराखडा दिला आणि ॲपल्टन हार्मननं ते लाकडात घडवलं. देवानं दाखवलेल्या भूमीकडे निघालेली माणसं, आणि वाटेत मैल चुकू नये म्हणून चिंधी मोजतायत. मला हा पंथ समजला तो त्या चिंधीवरून.

शेवटच्या टप्प्यात ब्रिगहमला डोंगरी तापानं घेरलं. पुढची माणसं २२ जुलैला खोऱ्यात उतरली, तो २४ ला, विल्फर्ड वुड्रफच्या गाडीत आडवा पडून. हीच ती जागा, चला पुढे, अशा अर्थाचं त्याचं जे प्रसिद्ध वाक्य आहे, ते वुड्रफनं जाहीरपणे सांगितलं १८८० मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी. वाक्य खरं असेलही. पण २३ तारखेला, तो यायच्या आदल्या दिवशी, काय झालं ते पक्कं ठाऊक आहे. लोकांनी नांगर घातला, जमीन इतकी टणक की नांगर मोडले. मग ओढ्याला बांध घालून पाणी शेतावर घेतलं, माती भिजवली, नांगरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बटाटे लावले.

माझे सासरे सटाण्याचे. हे ऐकून ते पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे वापश्यावर घातला नांगर." दुसऱ्या वर्षीची फेरी ती, आणि त्या एका शब्दानं तो दिवस तरला. मग मी त्यांना सांगितलं की इथे ओढ्याचं पाणी पाटांनी घरोघर नेलं, पाळ्या लावल्या, आणि पाळ्यांची भांडणं धर्मगुरूच मिटवायचे. ते म्हणाले, आमच्या मोसमच्या फडात पाटकरी असतो तसंच. पुढचा अर्धा तास स्मारकाकडे कुणी पाहिलंच नाही, आम्ही बंधाऱ्यांवर बोलत होतो.

खोरं रिकामं नव्हतं, हेही इथेच सांगा. युट, शोशोनी, गोशुट या आदिवासी जमातींची ही भूमी. १८५० च्या सुरुवातीला दक्षिणेला युटा सरोवराकाठी ब्रिगहमच्या मंजुरीनं गेलेल्या सशस्त्र टोळीनं टिंपॅनोगस लोकांतली कित्येक माणसं मारली. पुढे तो म्हणायचा की लढण्यापेक्षा यांना खाऊ घालणं स्वस्त. मी हे वाक्य सांगते आणि थांबते. त्यात दया किती आणि हिशेब किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

दुसरा मुक्काम: पत्ता वाचायला शिका

आता शहरात उतरा. टेंपल स्क्वेअरच्या आग्नेय कोपऱ्यावर एक छोटा दगड आहे, त्याला बेस अँड मेरिडियन म्हणतात. तिथे शून्य. इथून पूर्वेला पाच ब्लॉक म्हणजे ५०० ईस्ट, दक्षिणेला तीन ब्लॉक म्हणजे ३०० साउथ. पत्ता म्हणजे शाळेतल्या आलेखावरचा बिंदू. २८ जुलैला, येऊन चारच दिवस झालेले असताना, ब्रिगहमनं ओढ्याच्या दोन फाट्यांमध्ये काठी टेकवून टेंपलची जागा ठरवली, आणि पुढच्याच आठवड्यात तिथून मोजणीला दोरी लागली.

क्रम मात्र नीट ऐका. मी नवी असताना मैत्रिणीच्या डोहाळेजेवणाला ओटीचं सामान घेऊन ३०० साउथ ५०० ईस्टऐवजी ५०० साउथ ३०० ईस्टला गेले आणि एका अनोळखी घराची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी नारळाकडे बघून मला आत बसवलं आणि पाणी दिलं. त्यांनी लग्नाआधी आडनाव काय विचारावं तसं विचारलं की मी कुठल्या वॉर्डातली. वॉर्ड म्हणजे त्यांच्या चर्चची स्थानिक मंडळी.

रस्ता १३२ फूट रुंद. बैलगाडी न थांबता वळावी म्हणून ब्रिगहमनं इतका रुंद ठेवला, असं प्रत्येक गाइड सांगेल. गोष्ट छान आहे, पण १३२ चा आकडा जोसेफ स्मिथच्या १८३३ च्या नगर-आराखड्यातच आहे. जोसेफनं कागदावर काढलेलं गाव ब्रिगहमनं जमिनीवर उतरवलं. सुतार म्हटलं की हे आलंच, नकाशा दुसऱ्याचा आणि चौकट आपली.

आणि आजच्या घडीला १३२ फूट म्हणजे काय, ते आईंबरोबर रस्ता ओलांडताना कळतं. सिग्नलच्या खांबाला एक डबा असतो, त्यात काठीला लावलेली केशरी झेंडी. ती हातात धरून ओलांडायचं आणि पलीकडच्या डब्यात टाकायची. माझ्या आईनं झेंडी घेतली, पदर खोचला, आणि अशी निघाली की जणू सप्तशृंगीच्या पालखीपुढे चाललीय. मध्यावर पोचेपर्यंत सिग्नलवरचे आकडे संपले. सगळ्या गाड्या थांबून राहिल्या, कुणी हॉर्न वाजवला नाही. त्या झेंडीचा फोटो अजून नाशिकच्या घरात फ्रिजवर आहे.

तिसरा: टॅबरनॅकलचं छत

टेंपल बाहेरूनच बघा. १८५३ मध्ये पायाचे दगड बसवले, १८९३ मध्ये अर्पण झालं. बरोबर चाळीस वर्षं, आणि ब्रिगहमनं ते पुरं झालेलं पाहिलं नाही. भूकंपापासून सांभाळायचं मोठं काम २०१९ च्या अखेरीस हाती घेतलं, आणि काम सुरू झाल्या झाल्या, २०२० च्या मार्चमध्ये, खरोखरच ५.७ चा भूकंप झाला. शिखरावरच्या देवदूताच्या हातातली तुतारी खाली पडली. त्यामुळे या परिसरात काय उघडं, काय बंद, ते आदल्या दिवशी बघूनच निघा.

माझा वेळ जातो तो शेजारच्या टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे त्यांच्या जुन्या सभागृहात. कासवाच्या पाठीसारखं छत, २५० फूट लांब, १५० फूट रुंद, मध्ये आधाराला एकही खांब नाही. १८६७ मध्ये पहिली सभा भरली. तेव्हा रेल्वे इथे आलेली नव्हती, लोखंड महाग होतं. म्हणून हेन्री ग्रो या पूल बांधणाऱ्यानं लाकडी पुलाच्या जाळीचीच कमान केली आणि सांधे लाकडी खुंट्यांनी ठोकले. जिथे लाकूड तडकलं तिथे कच्चं कातडं ओलं असताना गुंडाळलं. वाळलं की ते करकचून आवळतं. आपल्याकडे चाकावर तापवलेली धाव चढवतात, त्याचीच चुलत बहीण.

आत शेवटच्या बाकावर बसा. पुढे कुणीतरी टाचणी टाकून दाखवतं आणि तो आवाज मागे स्पष्ट येतो. आमच्या एका काकांनी शंका काढली की माइक लावला असेल. त्यांना काहीच सांगू नका, काका जिथे जातील तिथे माइक शोधतात.

इथे बसल्या बसल्या १८५६ ची गोष्ट सांगा. गरीब युरोपीय मेंबरांना बैलगाड्या परवडत नव्हत्या, म्हणून ब्रिगहमनं योजना काढली: हातगाडी ओढत चालत या. स्वस्त आणि जलद. पहिल्या तुकड्या पोचल्या. शेवटच्या दोन, विली आणि मार्टिन यांच्या, फार उशिरा निघाल्या आणि वायोमिंगच्या बर्फात अडकल्या. सुमारे हजार माणसांपैकी दोनशेहून जास्त गेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बातमी आली, दुसऱ्या दिवशी रविवारची सभा होती. ही इमारत तेव्हा नव्हती, याच आवारात जुन्या जागी लोक प्रवचनाला जमले होते. ब्रिगहम उभा राहिला आणि त्यानं यादी वाचली: साठ खेचरांच्या जोड्या, चाळीस गाडीवान, बारा टन पीठ. म्हणाला की आजचा धर्म एवढाच, त्या लोकांना आणा, नाहीतर तुमची श्रद्धा तुम्हाला तारणार नाही. दोन दिवसांत पहिल्या गाड्या निघाल्या. शेजारच्या आजींचे पणजोबा त्या गाड्यांबरोबर होते. आजी ही गोष्ट सांगताना "खेचर" या शब्दाला डोळे पुसतात.

पण योजना कुणाची होती? काटकसर कुणाची होती? हे मी आजींना एकदाच विचारलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "त्याचीच." आणि ताटलीतला केक माझ्याकडे सरकवला.

डबा आणि अवघड प्रश्न

जेवायला स्टेट स्ट्रीटवरच्या ब्रिगहम यंग हिस्टॉरिक पार्कमध्ये जा. सावली आहे, पाणी वाहतं, जुन्या पाणचक्कीची आठवण म्हणून चाक आहे. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते. पोट भरलं की अवघड विषय काढा. उपाशी माणूस फार लवकर निकाल देतो.

आता बायका. जोसेफनं एकाहून जास्त बायका करायची शिकवण त्याला पहिल्यांदा सांगितली तेव्हा, ब्रिगहमनंच पुढे सांगितलं, समोरून जाणारी प्रेतयात्रा पाहून आपण त्या जागी असतो तर बरं असं त्याला वाटलं. नंतर त्यानं ती इतकी अंगीकारली की आकडा पन्नासच्या पुढे गेला. त्यांतल्या कित्येक लग्नांत संसार असा नव्हताच, म्हाताऱ्या विधवांना पंथात आधार आणि परलोकात नातं, एवढंच. पण सोळा बायकांना मिळून सत्तावन्न मुलं झाली, तेव्हा सगळं परलोकावर ढकलू नका. ॲन एलायझा नावाच्या एका बायकोनं १८७३ मध्ये घटस्फोटाचा दावा लावला आणि देशभर व्याख्यानं दिली. चर्चनं बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं ते १८९० मध्ये.

पार्कातून चालत दोन मिनिटांवर लायन हाऊस हे त्याचं घर आहे, १८५६ चं. वरच्या मजल्याला दोन्ही बाजूंना दहा-दहा त्रिकोणी खिडक्या, एकेका खोलीची एकेक. खिडक्या मोजायला लावा, मुलं आवडीनं मोजतात. संध्याकाळी घंटा वाजवून तो सगळ्यांना प्रार्थनेला जमवायचा. कवयित्री एलायझा स्नो इथेच राहायची, तीही त्याची पत्नी. शेजारी बीहाइव्ह हाऊस, १८५४ चं, छपरावर मधमाश्यांचं पोळं. आत जाता आलं तर बरंच, नाहीतर बाहेरून पुरे.

बायकांवर थांबू नका, त्याहून जड गोष्टी आहेत. १८५२ मध्ये गव्हर्नर असताना त्यानं कृष्णवर्णीयांना पौरोहित्य नाकारल्याचं जाहीर केलं. ती बंदी १९७८ पर्यंत टिकली. ११ सप्टेंबर १८५७ ला दक्षिण युटात माउंटन मेडोज इथे त्याच्या पंथाच्या लोकांनी, काही पायूट आदिवासींना बरोबर घेऊन, कॅलिफोर्नियाला निघालेल्या ताफ्यातली सुमारे १२० माणसं शस्त्रं खाली ठेवायला लावून मारली. अमेरिकन सैन्य चाल करून येत होतं, वातावरण पेटलेलं होतं, आणि त्यात त्याच्या प्रवचनांचाही वाटा होता. त्या लोकांना जाऊ द्या असं त्याचं पत्र पोचलं दोन दिवस उशिरा. शिक्षा झाली एकट्या जॉन ली याला, वीस वर्षांनी. हे सांगितल्यावर कुणी गप्प बसलं तर बसू द्या.

पुणेकर पाहुणे असतील तर इथे त्यांना जरा भाव द्या. १८५१ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात त्यानं मूठभर लोकांची शाखा काढली. त्याच १८५२ च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेकच्या परिषदेत ब्रिगहमनं आणखी नऊ जणांना हिंदुस्थानात पाठवायचं ठरवलं. त्याच परिषदेत, २९ तारखेला, बहुपत्नीत्व जगाला उघडपणे सांगितलं गेलं. काही वर्षांत हिंदुस्थानातलं काम गुंडाळलं. पुणेकरांना हे सांगितलं की ते म्हणतात, "टिकणारच नव्हतं," आणि तो विषय त्यांच्या बाजूनं मिटतो.

परत येताना वेळ उरला तर डेझरेट लिपीचं सांगा. इंग्रजी स्पेलिंगला वैतागून ब्रिगहमनं अडतीस अक्षरांची नवी लिपी करवून घेतली, बोलावं तसं लिहावं म्हणून. चार पुस्तकं छापली आणि कुणी वाचली नाहीत. आमची आई म्हणाली, "आपल्याला विचारायचं होतं."

फॅमिलीसर्च लायब्ररीत मात्र आईला बाहेर काढणं कठीण गेलं. मेलेल्या पूर्वजांच्या नावानंही विधी करता येतात अशी यांची श्रद्धा, म्हणून जगभरच्या वंशावळ्या गोळा करतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्याही फिल्म यांनी काढल्यात. प्रवेश फुकट. आईनं त्र्यंबकेश्वरच्या आमच्या उपाध्यांचं नाव सांगून काउंटरवरच्या स्वयंसेविकेला चांगलं दमवलं.

शेवटी कबर

दिवस इथेच संपवा, फर्स्ट ॲव्हेन्यूवर. दोन घरांच्या मध्ये मावेल एवढंसं गवताचं आवार, कोपऱ्यात लोखंडी कठड्यात ब्रिगहम. एलायझा स्नोही इथेच. पहिल्यांदा येणारे इकडेतिकडे बघून विचारतात, "एवढीच?"

तो गेला २९ ऑगस्ट १८७७ ला, बहुपत्नीत्वाच्या त्या जाहीर घोषणेला बरोबर पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी, लायन हाऊसमध्ये. शेवटचे शब्द "जोसेफ, जोसेफ, जोसेफ" असे नोंदले आहेत. पण चार वर्षं आधीच त्यानं आपल्या अंत्यविधीच्या सूचना लिहून ठेवल्या होत्या, आणि मी त्या फोनमध्ये ठेवल्यात, तिथे उभं राहून सांगायला. बायकांनी मुद्दाम काळे कपडे विकत घेऊ नयेत, असतील तर घालावेत. पेटी रेडवूडच्या सव्वा इंच जाडीच्या फळ्यांची. लांबीला माझ्या मापापेक्षा दोन इंच जास्त. रुंदीला नेहमीपेक्षा दोन-तीन इंच जास्त. आत कापसाची गादी, बेताची उशी. आणि अशी दिसावी की मला जरा डावी-उजवीकडे वळावंसं वाटलं तर जागा असावी.

सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते कठड्याला हात लावून उभे होते. फळीची जाडी त्यांनी पुन्हा विचारून घेतली, मग रस्त्याकडे बघून म्हणाले, "गाडीला वळायला १३२ फूट, आणि स्वतःला तीन इंच."

पार्किंगचं मीटर दोन तासांचं असतं, तेवढं लक्षात ठेवा.